इंग्रजी बोलणारं घर

गुरुवारी दुपारी साडेबाराला ती नेहमीसारखी जिन्याखालच्या खोलीत जेवायला बसली. खोली कसली, अडगळच. रिकामे खोके, पाय मोडलेले बाक, जुन्या पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे. पण दाराला आतून कडी होती, आणि त्या चार मजली इमारतीत आपल्या भाषेत बोलायला तेवढी एकच जागा होती. बाकी वर्गात इंग्रजी, जिन्यात इंग्रजी, ठेच लागली तरी इंग्रजीच. परदेशातून आणलेल्या शिक्षकांच्या तोंडून दुसरी भाषा पालकांच्या कानावर पडता कामा नये, असा त्या शिकवणी-संस्थेचा नियम होता. पालकांना हवा होता अस्सल इंग्रज माणूस. तो काही संस्थेला मिळत नव्हता. म्हणून मग तिच्यासारख्यांना आणायचं आणि घासूनपुसून तसं करायचं, असा सगळा कारभार.

आल्या दिवशीच तिला छातीवर लावायला दोन अक्षरी नवं नाव मिळालं. कुणी विचारलं तर सांगायचं वाक्यही मिळालं: आमच्या घरी लहानपणापासून इंग्रजीच बोलतात. हे वाक्य तिच्याकडून एका कागदावर लिहून घेतलं, खाली सही घेतली, आणि तो कागद व पासपोर्ट दोन्ही 'सांभाळून ठेवण्यासाठी' आत गेले. त्याला आता तीन वर्षं होत आली होती.

फोन वाजला. बाबांची वेळ ठरलेली.

"काय बाईसाहेब, जेवण चाललंय की उरकलं?"

"चाललंय. तुमचं?"

"आमचं कधीच. तुझी आई हल्ली वेळेवर वाढते. व्हिडिओ केल्यापासून भाव वधारलाय माझा. काल मला भाजीला पाठवत होती. म्हटलं, कलाकाराला कुणी भाजीला पाठवतं का?"

मागून आईचा आवाज आला. "कलाकार! सात वेळा वाक्य विसरला कलाकार. फोन धरून धरून पोराचा हात अवघडला."

"सात नाही, पाच."

"सात. विचारा दादाला."

ती हसली. मग बाबांनी आवाज जरा खाली आणला. एखादी गोष्ट मनापासून विचारायची असली की ते असंच करत. "बरं, ते विचारायचं राहूनच गेलं. महिना झाला की गं. लावला का तो तुमच्याकडे?"

"लावला ना."

"मग? काय म्हणाले लोक?"

तिने डब्यातला भात चमच्याने इकडचा तिकडे केला. "आवडला सगळ्यांना. दोनदा लावला."

"दोनदा?" मग फोन बाजूला धरून ते ओरडले, "अगं ऐकलंस का, दोनदा लावला!" आणि पुन्हा तिला, "उच्चार कळले ना त्यांना? मी मुद्दाम सावकाश बोललो. आपल्या जिभेला वळण आपलंच पडणार, काय करता."

"कळले, बाबा. चला, माझा तास आहे."

"जा जा, पोरं खोळंबतील. उद्या बोलू."

तिने डबा बंद केला, तोंड पुसलं आणि कडी काढली.

दोनदा लावला, हे मात्र खरं होतं.

बाबांनी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. गावातल्या शाळेत, पाचवी ते दहावी. इंग्रज माणूस त्यांनी जन्मात समोरासमोर पाहिला नव्हता. शब्दकोश, व्याकरणाचं एक जाडजूड पुस्तक आणि रेडिओवरच्या बातम्या एवढ्या भांडवलावर त्यांनी ती भाषा कमावली आणि दोन पिढ्यांना वाटली. लेकीला तर त्यांनी अंगाखांद्यावर खेळवतानाच शिकवली. भांड्यांची नावं, झाडांची नावं, मग छोटी छोटी वाक्यं. घरात सगळे मराठीच बोलत. पण संध्याकाळी साडेसहा ते सात बापलेक दोघंच इंग्रजीत बोलत, आणि आई म्हणायची, "झालं सुरू तुमचं कारस्थान."

व्हिडिओची फर्माईश संचालिकाबाईंची. शिक्षक तिला मागून 'मोजपट्टी' म्हणत, कारण तास किती मिनिटं चालला, शिक्षिका किती वेळा हसली, स्कर्ट गुडघ्याच्या किती खाली, सगळं ती मोजायची. पालकांचा विश्वास बसावा म्हणून प्रत्येक परदेशी शिक्षकाने आपल्या घरच्यांचा इंग्रजी बोलतानाचा छोटा व्हिडिओ आणावा, असं तिने फर्मावलं. खोटेपणा तिचा आणि पुरावा यांनी आणायचा.

तिने फोनवर बाबांना सहज म्हणून सांगितलं. तिला वाटलं होतं, बाबा दोन मिनिटं काहीतरी बोलतील आणि संपेल. बाबांनी तीन दिवस तयारी केली. काय बोलायचं ते पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. लग्नातला कोट काढला. तो पोटावर बसेना, तेव्हा बटण उघडं ठेवून त्यावर हात धरायचं ठरलं. भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून तिथे पुस्तकांची फळी दिसेल अशी खुर्ची लावली. आईला एकच वाक्य दिलं होतं, आमच्या लेकीचा आम्हाला अभिमान आहे, एवढंच. ते ती कॅमेऱ्याकडे न बघता बाबांकडे बघत बोलली, आणि बोलून झाल्यावर "बरोबर ना?" असं मराठीत विचारून मोकळी झाली.

मोजपट्टीने तो पाहिला आणि ठेवून घेतला. पालकांसाठी लावलेल्या व्हिडिओंमध्येही तो आला नाही. हिला मनातून सुटल्यासारखं झालं.

त्याच्या पुढच्या बुधवारी शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. दिवे मालवले आणि पडद्यावर बाबा आले. आईचा भाग कापलेला. कोण, कुठले, काही नाही. "आपल्या उच्चारांत काय राहता कामा नये, हे आज पाहू," मोजपट्टी म्हणाली. बाबा सावकाश, प्रत्येक शब्दावर वजन देत बोलू लागले. मागच्या रांगेत कुणीतरी खुसकन हसलं. दुसऱ्याने हळूच नक्कल केली. बघता बघता खोली हसू लागली. "पुन्हा, पुन्हा," असं कुणीतरी म्हणालं, आणि मोजपट्टीने पुन्हा लावला. या वेळी वाक्यावाक्याला थांबवून. बाबांचं तोंड अर्धं उघडं राहिलेलं, हात कोटाच्या बटणावर.

मोजपट्टीने मान वळवून अंधारात नेमकं तिच्याकडे पाहिलं.

ती हसली. सगळ्यांसारखी, दात दिसतील इतकी.

शुक्रवारी सकाळी दादाचा फोन आला तेव्हा ती वर्गात होती. फोन जेवणाच्या सुट्टीपर्यंत खालच्या लाकडी पेटीत ठेवावे लागत. साडेबाराला तिने तो घेतला तेव्हा चौदा फोन येऊन गेले होते. जिन्याखाली जायचंही तिला सुचलं नाही. पेटीपाशीच उभं राहून तिने फोन लावला.

"कुठे होतीस गं?" दादाचा आवाज फाटला होता. "बाबा सकाळी फाटकाशी पेपर घ्यायला वाकले, ते उठलेच नाहीत. डॉक्टर आले तोवर सगळं संपलं होतं."

तिने पेटीचं झाकण हळूच लावलं.

"ऐकतेस ना? तू आज निघ. हॉस्पिटलात ठेवलंय त्यांना. उद्या संध्याकाळपर्यंत ठेवतील म्हणाले, पुढे नाही. आई सारखी म्हणतेय, ती आल्याशिवाय न्यायचं नाही."

"निघते," ती म्हणाली. मराठीत, पेटीपाशी, सगळ्यांच्या देखत.

रात्री आठचं विमान होतं. त्याने ती सकाळी घरी पोचली असती. त्यानंतरचं दुसऱ्या दिवशी रात्री. ती तशीच मोजपट्टीच्या खोलीत गेली.

मोजपट्टीने ऐकून घेतलं. उठून पाण्याचा ग्लास पुढे केला. "वडील म्हणजे ते व्हिडिओतले?"

"हो."

"अरेरे. गोड गृहस्थ होते." ती पुन्हा बसली. "पण पासपोर्ट तिजोरीत आहे आणि किल्ली मालकांकडे. ते उद्या तपासणीच्या पाहुण्यांना घेऊन येतायत. अकरा वाजता तुमचा नमुना-पाठ आहे. तो झाला की मी स्वतः पासपोर्ट तुमच्या हातात देते. माणुसकी मलाही कळते."

"आज निघाले तरच मला ते दिसतील."

मोजपट्टीने खण उघडला, तिची फाइल काढली आणि तो कागद तिच्यापुढे सरकवला. तिचंच अक्षर. आमच्या घरी लहानपणापासून इंग्रजीच बोलतात. "हे खोटं आहे, हे मला माहीत आहे. मी कधी बोलले नाही. पण उद्या तुम्ही नसलात तर पाहुणे कारण विचारतील, फाइल मागतील. खोटं लिहून देऊन आलेल्यांना पुढे कुठेच उभं करत नाहीत. बघा, तुमच्या भल्यासाठीच सांगते."

हे वाक्य तुम्हीच सांगितलं होतं, तुमच्याच पेनाने लिहिलं होतं, असं तिच्या ओठांपर्यंत आलं. ती ग्लासातलं पाणी प्यायली आणि बाहेर आली.

संस्थेच्या वसतिगृहात तिच्या खोलीत आणखी एक मराठी शिक्षिका राहायची, वयाने दहा-बारा वर्षांनी मोठी. हिने तिला 'थोरली' म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं. थोरलीचं तोंड फटकळ. सगळं ऐकून तिने चप्पल पायात सरकवली.

"चल. तिच्या दारात मांडी ठोकून बसू. मी बसते तुझ्याबरोबर. बघू कशी देत नाही ती. पोलिसांना फोन कर, वकिलातीला कर. बाप गेलाय तुझा, थट्टा आहे का?"

"तुझीही फाइल आहे तिच्याकडे."

थोरली जागच्या जागी थांबली. तिची दोन पोरं घरी होती, मोठी नुकतीच कॉलेजात गेलेली. तिच्याही कागदावर तेच वाक्य होतं.

"असू दे," ती म्हणाली. पण चप्पल घालून ती उभीच राहिली. शेवटी हिनेच तिला हाताला धरून खाली बसवलं.

मग हिने दादाला फोन केला.

"विमान नाही रे."

"आजचं एकही नाही?"

"नाही. रविवारी पोचेन. तुम्ही थांबू नका."

"अगं, माझा एक मित्र तिकिटांचंच काम करतो. त्याला सांगतो, कुठून तरी फिरवून—"

"नको. मी सगळं बघितलं. नाहीच आहे."

"आईला काय सांगू?"

"तेच सांग. विमान नव्हतं."

शनिवारी अकरा वाजता ती पाच-सहा वर्षांच्या मुलांपुढे उभी राहिली. मागे खुर्च्यांवर मालक, तीन पाहुणे आणि मोजपट्टी. पाठ फळांचा. टोपलीत प्लॅस्टिकची सफरचंदं, केळी, द्राक्षं. एकेक फळ उचलायचं, नाव म्हणायचं, म्हणून घ्यायचं, गाणं म्हणायचं. या वेळी घरी बाबांना आणलं असेल, हे तिला कळत होतं. अंगणात माणसं जमली असतील. आईला कुणी धरलं असेल? तिने केळं उचललं. मुलांनी नाव म्हटलं. एका मुलीने प्लॅस्टिकच्या सफरचंदाला कचकन दात लावले आणि तोंड वाकडं केलं. सगळे हसले, पाहुणेही हसले. तिचाही चेहरा हसला. कुठून हसला, देव जाणे. घोड्याला जीन घातल्यावर तो आपोआप चालू लागतो तसं काहीतरी असावं.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. बारा वाजून दहा मिनिटांनी मोजपट्टीने पासपोर्टचं पाकीट तिच्या हातात ठेवलं आणि खांद्यावर थोपटलं. "पाहा, झालं की नाही सगळं नीट?"

संध्याकाळी थोरली तिची बॅग भरत होती. ही नुसती कपड्यांच्या घड्या घालत होती, मोडत होती, पुन्हा घालत होती. पलंगावरचा फोन उजळला. दादाने फोटो पाठवला होता. खाली लिहिलं होतं, 'आईने हट्टाने बाबांना कोट घातला.'

थोरलीने फोन उचलून तिला द्यायला म्हणून हात पुढे केला, आणि तो हात तसाच राहिला.

"अगं," ती म्हणाली. "हे तर ते..."

हिने मान हलवली.

थोरली पलंगावर बसली. "तू माझ्या शेजारी होतीस त्या दिवशी. मांडीला मांडी लावून. मी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले गं. तू मला चिमटा तरी काढायचास."

"मीही हसले."

"बोलली का नाहीस? जास्त नाही, एवढंच म्हणायचं होतं, हे माझे वडील आहेत. सगळे जागच्या जागी गार पडले असते."

सांगण्यासारखी कारणं होती. सहीचा कागद होता, नोकरी होती, मोजपट्टीची रोखलेली नजर होती. आणि ती सगळी खरीच होती. पण त्या अंधाऱ्या खोलीत ती गप्प बसली ते त्या कारणांमुळे नव्हे. पडद्यावरचा तो कोट, तो सुटलेला पोटाचा भाग, ती सावकाश टाकलेली वाक्यं तिने क्षणभर त्या लोकांच्या डोळ्यांनी पाहिली होती, आणि तिला बाबांची लाज वाटली होती. ज्या माणसाने तिला बोलायला शिकवलं, त्याच्या बोलण्याची. हे ती थोरलीला काय सांगणार? हे तिचं तिलाही धड सांगता येत नव्हतं.

रविवारी ती पोचली तेव्हा घर झाडून-पुसून रिकामं रिकामं झालं होतं. आईने तिला जवळ घेतलं आणि तिचीच पाठ चोळत राहिली. "विमानच नव्हतं, तर तू तरी काय करशील? तू वाईट वाटून घेऊ नकोस."

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई एकच गोष्ट सांगत होती. "गुरुवारी हिचा फोन झाला आणि हे चहासुद्धा न घेता बाहेर पडले. आधी वह्या-पुस्तकांच्या दुकानात, मग केस कापतात तिथे, मग मुख्याध्यापकांकडे. सगळ्यांना सांगून आले, दोनदा लावला म्हणून. परत आले ते सातला. म्हटलं, अहो, गावात कुणी राहिलंय का सांगायचं? तर म्हणाले, पोस्टमन भेटला नाही." हे सांगताना आई हसायची आणि हसता हसताच तिचा स्वर तुटायचा. "शेवटची संध्याकाळ आनंदात गेली हो त्यांची."

ती स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायची आणि तिथेच उभी राहायची.

बुधवारी शाळेत शोकसभा ठेवली होती. बाबांच्याच वर्गात, त्यांच्याच बाकांवर त्यांचे जुने विद्यार्थी अवघडून बसले होते. कुणाची पोटं सुटलेली, कुणाचे केस पांढरे झालेले. फळ्याखाली टेबलावर फोटो होता. निवृत्त मुख्याध्यापक बोलायला उठले. बाबांचे ते जुने मित्र, बोलायला लागले की थांबायचे नाहीत.

"आमच्या सरांना आम्ही चिडवायचो, की तुमचं इंग्रजी वेशीबाहेर कुणाला कळणार नाही. तर काय झालं? सातासमुद्रापार गेलं! तिथल्या लोकांना एकदा नाही, दोनदा दाखवलं! गुरुवारी स्वतः येऊन सांगून गेले मला, आणि वर म्हणाले, आता चिडवून दाखव." काही जण हसले, काहींनी डोळे पुसले. मागच्या बाकावर कुणीतरी टाळ्याही वाजवल्या, मग लाजून थांबलं. "आता त्यांच्या लेकीने दोन शब्द बोलावेत."

दादा कानाशी वाकला. "आभार मान आणि बस. आईला त्रास नको."

ती उठली. पुढच्या बाकावर आई मान वर करून तिच्याकडे बघत होती. सांत्वनाला आलेली माणसं बघतात तशी नव्हे, तर मूल पहिल्यांदा स्टेजवर उभं राहतं तेव्हा बघतात तशी. आभार मानून बसणं सोपं होतं. बाबांची ती संध्याकाळ जशीच्या तशी राहिली असती, आईपाशी, या सगळ्यांपाशी. आणि तिला जन्मभर नळ सोडून उभं राहावं लागलं असतं.

"दोनदा लावला, हे खरं आहे," ती म्हणाली. तिने टेबलाची कड धरली. "पहिल्यांदा लावला तेव्हा लोक हसले. आणखी हसायला मिळावं म्हणून दुसऱ्यांदा लावला. उच्चार कसे नसावेत, हे शिकवायला लावला होता. मी बाबांना खोटं सांगितलं."

मुख्याध्यापकांनी चष्मा काढून हातात घेतला.

"आई, विमान होतं. शुक्रवारी रात्री आठचं. त्यांनी पासपोर्ट दिला नाही, पण मी भांडलेही नाही. शनिवारी तुम्ही बाबांना नेलंत तेव्हा मी तिथे मुलांना फळांची नावं शिकवत होते."

आईच्या चेहऱ्याकडे तिने पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुढचं राहिलं असतं.

"आणि ते सगळे हसत होते तेव्हा मी तिथेच बसले होते. मीही हसले. मला बाबांची लाज वाटली, म्हणून हसले. तिथे उठून मला एकच गोष्ट सांगायची होती. ती सांगितली नाही. तुम्हाला सगळ्यांना ती माहीत आहे, तरी सांगते." तिने फोटोकडे हात केला. "हे माझे वडील आहेत. मला जे काही बोलता येतं, ते यांनी शिकवलंय."